स्विमिंग पूलचं पाणी पांढुरकं का होतं आणि ते कसं निवळतं

परीक्षा संपत आल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अंगणाअंगणांत निळे गोल स्विमिंग पूल उभे राहतात. लोखंडी नळ्यांची चौकट, आत जाड पीव्हीसीचं अस्तर, बाजूला छोटा पंप. पहिले दोन-तीन दिवस तळाची नक्षी स्वच्छ दिसते. चौथ्या-पाचव्या दिवशी पाण्यात धुकं उतरल्यासारखं वाटतं आणि आठवड्याभरात ते तांदळाच्या धुवणासारखं होतं. मग कोणी ब्लीचिंग पावडर टाकतं, कोणी तुरटी फिरवतं, कोणी दोन्ही करून बघतं, आणि पुष्कळदा पाणी आणखीच पांढरं होतं.

तसं होण्याला कारण आहे. पांढुरकेपणा दिसायला एकच असला तरी तो मातीचा असतो, चुन्याचा असतो, शेवाळाचा असतो किंवा नुसता अंगावरच्या तेला-घामाचा असतो. एका कारणावरचा उपाय दुसऱ्याला खतपाणी घालतो. म्हणून काहीही ओतण्याआधी पाण्यात नेमकं काय तरंगतंय ते ओळखायचं. त्याला एक रात्र लागते आणि ती रात्र वाया जात नाही.

तोवर एक गोष्ट कडकपणे पाळा. तळ दिसेपर्यंत पुलात कोणालाही उतरू देऊ नका. पुलाच्या मध्यभागी तळाला गडद रंगाची एक ताटली ठेवा. काठावर उभं राहून तिची कडा स्पष्ट दिसत नसेल, तर पूल बंद. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातपायही फारसे मारत नाही. गढूळ पाण्यात ते दोन फुटांवर असलं तरी दिसत नाही. शिवाय तरंगणाऱ्या कणांच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून वाचतात, त्यामुळे असं पाणी पोटात गेलं तर जुलाब-उलट्यांचा धोकाही असतो.

आधी लिटर मोजा

पुढची सगळी मापं पाण्याच्या लिटरवर आहेत. गोल पुलासाठी फुटांतली रुंदी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची खोली गुणिले २२, म्हणजे लिटर. खोली पाण्याची धरायची, भिंतीच्या उंचीची नव्हे. १२ फुटी पुलात २ फूट पाणी असेल तर १२ × १२ × २ × २२, म्हणजे सुमारे ६,३०० लिटर. १५ फुटी पुलात साडेतीन फूट पाणी असेल तर सुमारे १७,३०० लिटर. चौकोनी पुलाला लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली गुणिले २८. या लेखातली उदाहरणं ६,३०० लिटरच्या पुलाची आहेत.

हा हिशेब झाला की एक जोखीमही ध्यानात येते. २ फूट पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ६०० किलो वजन. घराची गच्ची साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो वजन धरून बांधलेली असते. गच्चीवर असा पूल मांडू नये.

पाणी कुठलं?

आपल्या भागात हा प्रश्न पहिला विचारायचा, कारण वीस-पंचवीस मैलांत पाण्याची जात बदलते.

बेळगावच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे आणि खानापूर तालुक्यात जांभा दगड आणि तांबडी माती. इथल्या विहिरींचं पाणी मऊ असतं. साबणाला भरपूर फेस येतो, बंबात खपली धरत नाही. पण वळवाचा एक पाऊस झाला की तांबडा गाळ विहिरीत उतरतो आणि पंपातून सरळ पुलात येतो. बीदरच्या जांभ्या पठारावरही मातीची हीच तऱ्हा.

चिकोडी, रायबाग, अथणीच्या बाजूला काळी माती आणि खाली काळा पाषाण. बोरचं पाणी बघायला काचेसारखं, पण जड. डाळ लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. तो थर म्हणजे पाण्यात विरघळलेला चुना, आणि पुलातही तो तसाच बाहेर पडतो. बेळगाव शहरात राकसकोप जलाशयातून येणारं नळाचं पाणी असेल तर ते मार्कंडेय नदीचं, शुद्ध करून आलेलं. त्यात ना गाळ फार, ना चुना फार. टँकर मागवला असेल तर तो विहिरीवर भरला की बोरवर, एवढं चालकाला विचारून ठेवा.

रात्रीची परीक्षा

एक लिटरची पारदर्शक बाटली कोपरापर्यंत हात बुडवून पुलातून भरा. वरचं पाणी घेऊ नका, त्यात पराग आणि तेल असतं. बाटली रात्रभर हलवायची नाही. सकाळी तळाशी तांबूस किंवा काळसर पातळ थर दिसला आणि वरचं पाणी तरीही धुरकट असलं, तर माती आहे. जाड कण बसले, बारीक तसेच राहिले.

दुसरी परीक्षा काचेच्या पेल्यात. पेलाभर पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला आणि शेजारी तेवढंच पाणी तसंच ठेवा. दहा मिनिटांत व्हिनेगरचा पेला स्वच्छ झाला, तर चुना. मातीवर किंवा शेवाळावर व्हिनेगरचा असा परिणाम होत नाही. लिंबू पिळू नका, त्याचाच गर पाणी गढूळ करतो.

तिसरी परीक्षा क्लोरीनची. दोन नळकांड्यांचा चाचणी संच घ्या, एकात पिवळा रंग क्लोरीन दाखवतो, दुसऱ्यात लाल छटा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली आहे ते दाखवते. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा आणि उगवण्याआधी पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, कोणी पोहत नसतं. तरीही १ पीपीएमपेक्षा जास्त क्लोरीन कमी झालं असेल, तर पाण्यात ते खाणारं काहीतरी जिवंत किंवा कुजणारं आहे. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग, सोप्या मापात हजार लिटरला एक ग्रॅम. पुलात क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.६ ठेवायचा असतो.

माती असेल तर

मातीचे बारीक कण दोन मायक्रॉनहूनही लहान असतात, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पुलाच्या कागदी फिल्टरमध्ये दहा-वीस मायक्रॉनच्या वरचे कण अडकतात, वाळूच्या फिल्टरमध्ये त्याहून थोडे जाड. म्हणजे पंप महिनाभर चालवला तरी हा गाळ फिल्टरमधून आरपार फिरत राहणार. तो आपोआप खालीही बसत नाही, कारण प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. कण जवळ येत नाहीत, गोळा होत नाहीत, जड होत नाहीत.

तुरटीतलं ॲल्युमिनियम हा ऋणभार मारून टाकतं. त्याबरोबर पाण्यात कापसासारखे चिकट पुंजके तयार होतात, कण त्यात गुंततात आणि पुंजके वजनाने खाली बसतात. घागरीत निवळीची बी उगाळून पाणी स्वच्छ करायची जुनी रीत आहे, तिच्यातही कण एकत्र आणण्याचंच तत्त्व. पुलाला मात्र निवळी किंवा शेवग्याचं बी वापरू नका. त्यांचा वनस्पतिजन्य अंश पाण्यात उरतो आणि तेवढं क्लोरीन खातो.

चुका होतात त्या मापात. घागरीत तुरटीचा खडा चार वेळा फिरवला की पंधरा लिटरला पुरते, सहा हजार लिटरला तसं फिरवून काहीच होत नाही. उलट, अंदाजाने किलोभर टाकली तर ॲल्युमिनियमचाच दुधाळ पांढरेपणा पाण्यात राहतो. म्हणून माप आधी बाटल्यांत काढायचं. जलशुद्धीकरण केंद्रांतही हेच करतात.

१० ग्रॅम तुरटी कुटून एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. या द्रावणाच्या एका मिलीत १० मिलिग्रॅम तुरटी आहे. आता पुलाच्या पाण्याच्या एकेक लिटरच्या चार बाटल्या भरा आणि औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने त्यांत २, ४, ६ आणि ८ मिली द्रावण घाला. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा. मग दहा-पंधरा मिनिटं अगदी हळू उलटसुलट करत राहा. ताक घुसळताना शेवटी रवी हळू केली की लोणी गोळा होतं, तसंच इथे. जोर लावत राहिलात तर जमलेले पुंजके फुटतात आणि पुन्हा तितके चांगले जुळत नाहीत. मग अर्धा तास बाटल्या ठेवून द्या. ज्या सर्वांत कमी मापाला वरचं पाणी स्वच्छ झालं, ते तुमचं माप. समजा ४ मिलीच्या बाटलीने काम केलं, म्हणजे हजार लिटरला ४० ग्रॅम. ६,३०० लिटरला २५० ग्रॅम, पाव किलो तुरटी. आपल्याकडच्या तांबड्या गाळाला सहसा हजार लिटरला ३० ते ६० ग्रॅमच्या दरम्यानच माप निघतं.

चारही बाटल्यांत काहीच झालं नाही तर पाण्याची क्षारता, म्हणजे पीएच एकदम बदलू न देण्याची ताकद, तपासा. खानापूरकडच्या मऊ पाण्यात हाच अडथळा येतो. तुरटी पाण्यातली क्षारता खर्च करून पुंजके बनवते. क्षारताच नसेल तर पीएच झटकन खाली जातो, पुंजके बनत नाहीत आणि ॲल्युमिनियम विरघळलेलंच राहतं. चार दिवसांनी पीएच वर आला की ते पांढरं धुकं होऊन बाहेर पडतं आणि तुरटीवर विश्वास ठेवल्याचा पश्चात्ताप होतो. उपाय स्वयंपाकघरात आहे: खाण्याचा सोडा. हजार लिटरला १७ ग्रॅम सोडा घातला की क्षारता १० पीपीएमने वाढते. ३० पीपीएम वाढवायची तर ६,३०० लिटरला ३२० ग्रॅम. पुलाची क्षारता ८० ते १२० पीपीएमच्या आसपास हवी. ती चाचणीच्या पट्टीवर दिसते. धुण्याचा सोडा वापरू नका, तो पीएच फार चढवतो. पीएच ८ च्या वर गेला तर तुरटी दुसऱ्या बाजूने निकामी होते. काम ७ ते ७.५ च्या दरम्यान करा.

माप निघालं की संध्याकाळ निवडा, दुपार नको. दुपारी उन्हाने वरचं पाणी तापतं, वारा असतो, पाणी आतल्या आत फिरत राहतं आणि पुंजके बसत नाहीत. पाला-कचरा जाळीने काढा. फिल्टरचं कार्ट्रिज, म्हणजे आतली घड्यांच्या कागदाची नळी, बाहेर काढून ठेवा. हे विसरलात तर चिकट पुंजके त्याच्या घड्यांत बसतात आणि ते धुऊनही निघत नाहीत. तुरटी दहा लिटर कोमट पाण्यात विरघळवून पुलाच्या कडेने फिरत फिरत ओता. पंप दहा मिनिटं चालवा, मग बंद करा. नंतर लांब दांड्याच्या स्वच्छ झाडूने बाहेरूनच, संथपणे, एकाच दिशेला पाणी पंधरा मिनिटं फिरवा. पाणी भातावरच्या पेजेसारखं दिसायला लागेल. घाबरू नका, हेच हवं होतं. आता आठ ते बारा तास पुलाला हात लावू नका.

सकाळी तळाशी करड्या-तांबड्या लोकरीचा थर दिसेल. पंप लावला की तो सगळा उधळतो, म्हणून पंप नाही. इथे जमिनीवरच्या पुलाचा मोठा फायदा आहे: पाणी जमिनीपेक्षा उंच आहे, त्यामुळे नुसत्या पाइपने वक्रनलिकेसारखं ते खेचून घेता येतं. एक इंची पारदर्शक पाइप नळाला लावून पाण्याने पूर्ण भरा, दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा, एक टोक पुलाच्या तळाशी न्या आणि दुसरं बाहेर जमिनीवर, शक्यतो उतारावर. अंगठे सोडले की धार सुरू. तोंडाने ओढू नका. आतल्या टोकाला काठी बांधली तर बाहेर उभं राहून ते तळावरून सरकवता येतं. सरकवण्याचा वेग दर सेकंदाला वीतभरापेक्षा कमी ठेवा. मिनिटाला वीस-तीस लिटर पाणी जातं, म्हणजे सारा तळ काढायला चार-पाचशे लिटर पाणी खर्ची पडेल. ते पुन्हा भरताना विहिरीचं पाणी आधी दोन-तीन दिवस टाकीत बसू द्या किंवा नळाच्या तोंडाला जाड सुती कापडाची पिशवी बांधा.

चुना असेल तर

हा प्रकार काळ्या मातीच्या पट्ट्यात आणि मुख्यतः मे महिन्यात. पाणी तापलं की त्यात चुना कमी विरघळतो, पीएच चढला की आणखी कमी. आणि पाणी पांढरं दिसलं की बहुतेक हात ब्लीचिंग पावडरकडे जातात. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच ही पावडर, पण तिच्यात क्लोरीन तेहतीस टक्क्यांच्या आसपास आणि उरलेला मोठा भाग चुनाच. म्हणजे चुन्याने पांढऱ्या झालेल्या पाण्यात आपण आणखी चुना कालवतो. पीएच वाढतो, आधी विरघळलेला चुनाही बाहेर पडतो. शिवाय पीएच ८ ला क्लोरीनचा जेमतेम पाव भागच जंतू मारण्याच्या रूपात असतो, ७.२ ला तो निम्म्याहून बराच जास्त असतो. पांढरेपणाही वाढला आणि औषधही दुबळं झालं.

उपाय पीएच खाली आणण्याचा. त्यासाठी तिशीच्या आसपास टक्केवारीचं म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड लागतं. बाथरूम धुण्यासाठी रंग-वास घातलेल्या बाटल्या मिळतात, त्या नकोत. त्यांची तीव्रता कळत नाही आणि साबणाने फेस होतो. सुरुवात हजार लिटरला १० मिलीने करा, ६,३०० लिटरला ६० मिली. प्लास्टिकच्या बादलीत आधी दहा लिटर पाणी, मग त्यात ॲसिड. उलट कधीही नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, वारा पाठीशी. पंप चालू ठेवून कडेने ओता, चार तासांनी पीएच मोजा, गरज पडली तर पुन्हा तेवढंच. पीएच ७.२ ला थांबा.

पण बोरच्या पाण्यात एवढ्याने भागत नाही. दोन-तीन दिवसांत पीएच पुन्हा चढतो, कारण क्षारता जास्त असते आणि पाण्यातला कर्बवायू उडून जातो. क्षारता १० पीपीएमने उतरवायला हजार लिटरला २० मिली ॲसिड लागतं. २५० वरून १०० वर आणायची तर आपल्या पुलाला एकूण दोन लिटरच्या जवळपास. ते आठवडाभरात, थोडं थोडं, दर वेळी पीएच ७ च्या खाली जाणार नाही असं बघत. याहून स्वस्त आणि सोपा मार्ग म्हणजे पूल भरतानाच अर्धं पाणी मऊ घेणं, नळाचं किंवा छतावरून साठवलेलं पावसाचं. आणि अशा पुलात क्लोरीनसाठी द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट वापरावं, त्यात चुना नसतो. ते ताजं असताना दहा-बारा टक्के असतं, उन्हात ठेवलं तर महिन्याभरात बरंच उतरतं. म्हणून छोटे कॅन घ्या आणि सावलीत ठेवा.

बोरचं पाणी भरताना स्वच्छ असून क्लोरीन टाकताच चहासारखं झालं, तर ते लोह. क्लोरीनने ते गंजाच्या रूपात बाहेर पडतं. दोन दिवस पंप चालवा, मग वर सांगितल्याप्रमाणे तुरटीने बसवा.

शेवाळ आणि घाम

हिरवट छटा, हाताला बुळबुळीत भिंत, रात्रीत क्लोरीन गायब. इथे तुरटीने आरंभ करायचा नाही. जिवंत शेवाळ आधी मारायचं, मग मेलेलं बसवायचं. संध्याकाळी क्लोरीन १० पीपीएमपर्यंत न्या. ६,३०० लिटरला ६३ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं, म्हणजे ६५ टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोक्लोराइटचे १०० ग्रॅम, किंवा ताज्या ब्लीचिंग पावडरचे १९० ग्रॅम, किंवा १० टक्क्यांच्या द्रवाचे ६३० मिली. ब्लीचिंग पावडर वापरायचीच असेल तर बादलीत कालवून तासभर ठेवा आणि वरची पिवळसर निवळ तेवढी पुलात घाला. खालचा चुन्याचा चोथा नको. पावडर थेट पुलात टाकली तर ती तळाच्या पीव्हीसीवर बसते आणि निळ्या अस्तरावर पांढरे डाग पडतात. उघड्या पिशवीतल्या जुन्या पावडरीत क्लोरीन निम्मंही उरलेलं नसतं, वास मंद झाला असेल तर माप वाढवण्यापेक्षा नवी आणा.

भिंत आणि तळ मऊ ब्रशने घासा, नाहीतर शेवाळाच्या बुळबुळीत थराखाली क्लोरीन पोहोचत नाही. रात्रीत १ पीपीएमपेक्षा कमी क्लोरीन उतरेपर्यंत रोज संध्याकाळी पुन्हा १० ला आणा. पाणी हिरव्याचं राखाडी झालं की शेवाळ मेलं. पोहण्यापूर्वी क्लोरीन ३ पीपीएमवर उतरू द्या.

डोळे चुरचुरतात आणि क्लोरीनचा उग्र वास येतो, म्हणून पुष्कळ जण क्लोरीन कमी करतात. तो वास घाम-लघवीशी संयोग पावलेल्या क्लोरीनचा असतो. तिथे क्लोरीन कमी पडलेलं असतं, वाढवायला हवं.

घामा-तेलाचा पांढुरकेपणा टाळणं सोपं आहे. डोक्याला खोबरेल तेल चोपडून पुलात उडी मारली की ते तेल फिल्टरच्या घड्यांत आणि पाण्याच्या रेषेवर चिकटतं. आधी साबण लावून आंघोळ, मग पूल. काठावरचा तेलकट पट्टा ओल्या स्पंजवर खाण्याचा सोडा घेऊन पुसा. भांड्यांचा साबण वापरलात तर फेस आठवडाभर जात नाही.

गोळ्यांचा छुपा हिशेब

तरंगत्या डब्यात घालायच्या २०० ग्रॅमच्या क्लोरीन गोळ्या टीसीसीए नावाच्या रसायनाच्या असतात. सोयीच्या आहेत, पण प्रत्येक गोळीबरोबर सायन्युरिक ॲसिड पाण्यात उरतं. थोडं असलं तर चांगलं, ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. ते मुळीच नसेल तर भर उन्हात दोनेक तासांत बहुतेक क्लोरीन संपतं. ३० ते ५० पीपीएम पुरे. आपल्या ६,३०० लिटरमध्ये एक गोळी १७-१८ पीपीएम वाढवते. पाच गोळ्यांनंतर आकडा ९० च्या जवळ जातो, आणि मग चाचणीत क्लोरीन भरपूर दिसूनही पाणी पांढुरकं राहतं, कारण ते क्लोरीन जखडलेलं असतं. हे ॲसिड उडून जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. अर्धं पाणी काढून नवं भरणं हा एकच इलाज. दोन गोळ्या झाल्या की पुढे द्रवरूप क्लोरीनवर यावं, हा आमचा सल्ला.

टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट कधीही एका डब्यात, एका बादलीत, एका ओल्या चमच्याने हाताळू नका. आग लागते, स्फोट होतो. ॲसिड आणि कुठलंही क्लोरीन एकत्र आलं तर विषारी वायू निघतो. दोन्ही वेगळ्या खोल्यांत, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

फिल्टर: जिथे बहुतेक चूक असते

वरचं सगळं नीट करूनही पाणी निवळत नसेल तर पंपाच्या तासांकडे बघा. छोट्या पंपाची क्षमता ताशी १,२५० लिटर असते. म्हणजे ६,३०० लिटर एकदा फिरवायला पाच तास. पण एकदा फिरवलं म्हणजे सगळं पाणी गाळलं गेलं असं होत नाही, कारण गाळलेलं पाणी न गाळलेल्यात पुन्हा मिसळतं. एका फेरीत साधारण ६३ टक्के, दोन फेऱ्यांत ८६ टक्के, तीन फेऱ्यांत ९५ टक्के पाणी फिल्टरमधून जातं. तीन फेऱ्या म्हणजे पंधरा तास. संध्याकाळी दोन तास पंप लावून पाणी स्वच्छ होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. पाणी धुरकट असेपर्यंत पंप दिवसरात्र चालू द्या. या छोट्या पंपाला छताच्या पंख्यापेक्षा जास्त वीज लागत नाही.

वीज जाऊन आली की पंपाजवळ जाऊन बघा. परतीच्या तोंडातून धार येत नसेल तर आत हवा अडकली आहे. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू सैल करून पाणी येईपर्यंत थांबा. पंपाच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग हवंच, आणि पंपाची पिन प्लगमध्ये असेपर्यंत कोणी पाण्यात नको.

पाणी गढूळ असताना कार्ट्रिज रोज धुवा. पाइपची धार तिरकी धरून एकेक घडी वरून खाली. गाडी धुण्याच्या प्रेशरने कागदाचे धागे फाटतात आणि मग ते कार्ट्रिज दिसायला स्वच्छ पण निरुपयोगी होतं. तेलकट झालं असेल तर बादलीभर पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवा आणि खळखळून धुवा. दोन कार्ट्रिज ठेवून आलटून पालटून वापरली तर वाळलेला गाळ झटकून काढता येतो, ओल्यापेक्षा ते कितीतरी सोपं. घड्या चपट्या झाल्या, मधला प्लास्टिकचा सांगाडा वाकला की बदला. झाकणाखालची रबरी रिंग नीट बसली नसेल तर पाणी फिल्टरला वळसा घालून तसंच परत येतं. दहा रुपयांच्या ग्रीसने मिटणारा हा दोष अनेकदा शेवटी लक्षात येतो.

पाणी टाकायचं कुठे

तळातून काढलेलं तुरटीचं पाणी किंवा बदललेलं पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा भाताच्या रोपांत सोडू नका. चाचणीत क्लोरीन शून्य येईपर्यंत दोन-तीन दिवस उन्हात उघडं राहू द्या, मग नारळ किंवा आंब्याच्या आळ्यात, विहिरीपासून लांब, थोडं थोडं सोडा. काळ्या मातीत पुलाच्या पायथ्यालाच ते मुरू दिलंत तर जमीन एका बाजूने फुगते, वाळताना भेगाळते, चौकट कलते आणि भरलेल्या पुलाचा सगळा भार एका बाजूवर येतो.

तीन दिवस नीट उपाय करूनही तळाची ताटली दिसत नसेल, सायन्युरिक ॲसिड नव्वदच्या वर असेल किंवा पाण्याला कुजका वास येत असेल, तर रसायनांवर आणखी पैसे घालू नका. छोटा पूल रिकामा करून अस्तर स्पंजने पुसून उन्हात दोन तास वाळवणं आणि बसलेल्या, गाळलेल्या पाण्याने पुन्हा भरणं स्वस्त पडतं. भरल्या दिवशीच पीएच, क्षारता आणि क्लोरीन मोजून आकडे तारखेसह पंपाच्या बाजूला भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पुढच्या वेळी पाणी धुरकटलं की कुठला आकडा आधी हलला ते तिथेच दिसेल.